गणपतीच्या शाळेतला जास्तीचा पाट

बालवाडीत पोरांना माती खेळायला देते म्हणून गावाचा माझ्यावर राग होता. "माती खेळवूक पोरांक तुमच्याकडे कित्याक धाडूची? घरा माती उणी आसा?" असं एका बाईने मला देवळाच्या आवारात, चार माणसांदेखत विचारलं होतं. मी म्हटलं, "माती घरी आहे गो, पण त्या मातीत तू त्याला हात घालू देतेस का? पाठीत धपाटा घालतेस." ती फणकाऱ्याने निघून गेली. दुसऱ्या दिवशी तिचं पोर मात्र वेळेवर आलं. मी तोंडाळ आहे हे डिचोलीपासून माझ्या माहेरी पेडण्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं, आणि मी ते कधी खोटं पाडलं नाही.

बालवाडी म्हणजे देवळाच्या अग्रशाळेची, धर्मशाळेची, एक खोली. खाली शेणाची जमीन, एक मेज, एक पत्र्याची बालदी, आणि रस्त्याच्या बाजूला एक जनेल, म्हणजे खिडकी. ते जनेल आम्ही बहुतेक बंदच ठेवायचो, कारण त्या रस्त्यावरून दिवसभर खनिजाचे ट्रक जायचे. उघडं राहिलं तर तासाभरात मेजावर लाल धूळ बसायची, आणि पोरं तिच्यात बोटाने रेघा ओढायची. मी तेही ओढू द्यायची.

पणजीला आमचं प्रशिक्षण झालं तेव्हा मॅडमनी रंगीत लाकडी ठोकळे दाखवले होते, मणी दाखवले होते, लहान मूल हाताने शिकतं असं सांगितलं होतं. सांगणं खरं होतं, पण ठोकळे काही आमच्या वाट्याला आले नाहीत. बोलाचीच कढी. मग मी आपली घरची कढी केली. चिंचोके आणि काजूच्या बिया एकत्र करायच्या आणि पोरांना वेगळ्या करायला लावायच्या. दोन करवंट्या घ्यायच्या आणि न सांडता एकीतलं पाणी दुसरीत ओतायचं. अबोलीची फुलं दोऱ्यात ओवायची, वालीच्या वाळक्या शेंगा सोलायच्या, पायाने चिखल मळायचा, मातीचे उंडे करून टोपलीत भरायचे आणि पाव विकणाऱ्या पोदेरासारखं पों-पों करत दारोदार हिंडायचं. तीन वर्षांच्या पोराची बोटं आधी शहाणी होतात आणि मग डोकं. हे मला कोणी चार्ट लावून सांगायची गरज नव्हती.

तेव्हा कोंकणी की मराठी हा वाद पेटला होता. रस्त्यांवर झाडं तोडून आडवी टाकलेली असायची, म्हापशाचा शुक्रवारचा बाजारही कधी भरायचा, कधी नाही. एकाच घरातले दोन भाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले होते. तपासणीला आलेल्या मॅडमनी मला विचारलं, "तुम्ही गाणी कुठल्या भाषेत घेता?" मी म्हटलं, "मॅडम, पोरांना शू लागते ती दोन्ही भाषांत एकदमच लागते. आधी तेवढं बघू." त्या हसल्या, पण त्यांनी चहा घेतला नाही.

त्या वर्षी माझ्याकडे एक मुलगी होती. तिचं घर बांद्याच्या पलीकडे, सिंधुदुर्गात. बाप इथे खाणीवर ट्रक चालवायचा, आई काजूच्या कारखान्यात बिया सोलायला जायची, आणि तिघं आमच्या वाड्यावर एका खोलीत भाड्याने राहायची. सकाळी बाप तिला खांद्यावर बसवून आणायचा. दाराशी उतरवताना रोज एकच थट्टा करायचा: "बाई, ह्या पोता हंयसर उतरवूचा काय?" आणि पोर खिदळायचं. ती तीन सरून चौथ्यात होती. मातीत तिचा हात असा काही चालायचा की मी बघत राहायची. इतर पोरं चपटी भाकरी करायची, ही बैल करायची, चार पायांवर उभा राहणारा.

चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, सिंधुदुर्गातली सगळी माणसं गावी जातात. मग जग इकडचं तिकडे होवो. तीही तिघं गेली. त्यांच्याकडे दीड दिवसाचा गणपती. विसर्जनाच्या संध्याकाळी पाऊस होता, म्हणून आईने मुलीला अंगणातच थांबवून धरलं. बापाने गणपती डोक्यावर घेतला आणि शेताच्या मेरेवरून चालत व्हाळाकडे, ओढ्याकडे, गेला. मालकाचा निरोप आला होता, पाऊस जरा उघडला तर गाडी काढायची होती. म्हणून त्याची पिशवी भावाने आधीच रस्त्यावर नेऊन ठेवली होती. तो व्हाळावरूनच परभारे गाडीला गेला, घरी परतला नाही. मुलीने अंगणातून बघितलं ते एवढंच की बाबा गणपतीला डोक्यावर घेऊन पावसात लांब लांब जातोय.

दुसऱ्या दिवशी खाणीच्या चढावर त्याचा ट्रक मागे आला आणि उलटला. तो जागच्या जागी गेला. बायकोला जीपमध्ये घालून आणलं. मुलगी गावी आजीजवळ राहिली. क्रियाकर्म इकडेच झालं. पोरीने काही म्हणजे काही बघितलं नाही. "बाबा खय गेलो?" असं ती विचारायला लागली तेव्हा आजीने सांगितलं, "गणपतीवांगडा गेलो." गणपतीबरोबर गेला. म्हातारीला तरी काय बोलावं? मुलगा गेला होता तिचा. तिने तोंडाला आलं ते सांगितलं आणि पदरात तोंड खुपसलं.

महिन्याभराने आई मुलीला घेऊन परत आली. सासरी खायला तोंडं पुष्कळ होती आणि इथे निदान कारखाना होता. मुलीला बालवाडीत सोडायला आली तेव्हा तिने मला बाजूला घेतलं. कपाळ रिकामं, गळा रिकामा. ती म्हणाली, "बाई, तिका काय एक सांगू नकात. चेडू बारक्या आसा. इसारतला."

"आणि विचारलं तर?"

"तर काय नाय. माझी आण आसा तुमका."

मला ते पटलं नव्हतं. पण बाई परवा विधवा झालेली, तिच्याशी काय हुज्जत घालायची? मी बरं म्हटलं. दिलेला शब्द मी पाळला, तोही रागाने.

मला वाटलं होतं मुलगी रडेल, कोपऱ्यात बसेल, खाणार नाही. तसलं काही झालं नाही. आली ती हसतच आली. पाणी ओतलं, चिंचोके निवडले, अबोली ओवली. वाड्यावरच्या बायका मला सांगायला लागल्या, "बघितलात? विसरली ती. देवाने लहानपण दिलंय ते त्यासाठीच." एक तर म्हणाली, "झाकली मूठ सव्वा लाखाची." मी म्हटलं, "मुठीत काय झाकलंय ते तरी बघा." माझ्या मनाला ते हसणं टोचत होतं. ज्या पोराला बाप खांद्यावरून आणायचा, ते पोर एकदाही दाराकडे बघत नाही? का बघत नाही?

ते मला कळलं भातुकलीत. पोरं करवंट्यांत मातीचा भात शिजवून फणसाच्या पानांवर वाढत होती. हिने सगळ्यांना वाढलं आणि एक पान जास्तीचं मांडलं. भात नीट मूद करून ठेवला, शेजारी कांद्यासारखा एक खडा. एक मुलगा तिथे बसायला गेला तशी हिने त्याला ढकलून दिलं.

"थंय बाबा बसतलो."

मुलगा चिडला. पोरांना काय, घरात मोठ्यांचं बोलणं कानावर पडतंच. तो म्हणाला, "तुझो बापूस मेलो."

मी हातातली बालदी खाली ठेवून पुढे झाले. पण मुलगी चिडलीसुद्धा नाही. चुकलेल्या पोराला समजावतात तसं तिने त्याला समजावलं: "मरूक नाय. गणपतीवांगडा गेलो. चवथीक येतलो." आणि तो अजून तोंड वाकडं करतोय बघून विचारलं, "गणपती मरता?"

तो मुलगा आपलं पान उचलून पलीकडे जाऊन बसला. त्या खोलीतल्या प्रत्येक पोराने गणपती पाण्यात जाताना बघितला होता आणि पुढच्या वर्षी पाटावर बसलेला बघितला होता. गेलेला येतो, हे त्यांनी डोळ्यांनी बघितलेलं होतं. आपण मोठी माणसं पाण्याच्या कडेला उभी राहून ओरडून त्याला बोलावतो, पुढच्या वर्षी लवकर ये म्हणून. पोरीने ते खरं धरलं. ती विसरली नव्हती. ती वाट बघत होती, आणि वाट बघणाऱ्या माणसाला रडायचं कारणच नसतं.

त्या दिवसापासून मला तिच्या हातांत सगळं दिसायला लागलं. काजूच्या दिवसांत बोंडू आणि बिया वेगळ्या करायचा खेळ घेतला, तर ती टपोऱ्या बिया फ्रॉकच्या खिशात घालायची. कोणाला म्हणून विचारलं तर "बाबाक". उन्हाळ्याच्या शेवटी गोवा घटकराज्य झालं. पंचायतीने बालवाडीत पेढे वाटले. पोरांनी हातातल्या हातात संपवले, हिने अर्धा कागदात गुंडाळला. मुंग्या लागतील म्हटलं तर म्हणाली, "मगे चवथ कधी आसा?" आंबे संपले की पाऊस, पाऊस आला की नागपंचमी, नागपंचमीनंतर चवथ. हा क्रम मीच पोरांना पानाफुलांवरून शिकवला होता. ती तो मला धडाधड म्हणून दाखवायची.

पावसाच्या सुरुवातीला मी एका संध्याकाळी तिच्या आईच्या खोलीवर गेले. मुलगी बाहेर पागोळ्यांखाली करवंटी धरून खेळत होती. मी सरळ सांगितलं, "ती चवथीक बापाशीची वाट बघता. तू तिका आताच सांग. चवथीच्या दिवशी तो येणा नाय, आणि त्या दिवशी तिचा काय व्हतला?"

आई चुलीकडे तोंड करून बसली होती. ती म्हणाली, "ह्या वर्सा आमी गावाक जाणव नाय. हंयच रवतलंव. चवथ दिसलीच नाय तर तिका कळणा नाय."

"चवथ लपवशील? वाड्यावर घरोघरी गणपती येतले, आरत्यो व्हतल्यो, फटाके वाजतले. कान झाकशील तिचे?"

तेव्हा ती माझ्याकडे वळली. एवढी गरीब बाई, तोंडातून शब्द निघायचा नाही. ती माझ्यावर ओरडली, "तुमका काय जाता सांगूक! सांज झाली काय ह्या खोलयेत आमी दोघाच. एक ती हसता. ती हसता म्हणान मी जेवतंय. ता मोडू? खयच्या तोंडान मोडू?"

मला तिचा राग आला आणि तिची दयाही आली, दोन्ही एकदमच. मी म्हटलं, "पोरीच्या आशेवर तू जेवतेस, हे मात्र बरं नाही." ते बोलणं कठोर होतं. पण मी ते आजही मागे घेणार नाही. ती परत चुलीकडे वळली आणि मी छत्री उचलून निघाले. दारात मुलगी मला म्हणाली, "बाई, पावस इलो." पाऊस आला. म्हणजे क्रमातलं आणखी एक झालं.

आमच्या अग्रशाळेला लागूनच गणपतीची शाळा होती. शाळा म्हणजे गणपती घडवायची जागा, आमच्याकडे तिला शाळाच म्हणतात. एक म्हातारे मूर्तिकार आणि त्यांचे दोघे मुलगे तिथे वाड्यावरचे आणि आजूबाजूचे सगळे गणपती करायचे. रीत अशी की नागपंचमीच्या सुमारास प्रत्येक घराने आपला पाट शाळेत नेऊन द्यायचा. त्या पाटावरच त्या घराचा गणपती घडतो आणि चवथीला त्याच पाटावरून घरी येतो. कोणाचा पाट कुठला ते कळायला पाटाच्या बुडाला खडूने नाव लिहितात. दरवर्षी मी पोरांना तिथे न्यायची. ओल्या मातीत बोटं घालायला, चिखल तुडवायला आणि म्हाताऱ्याचे हात बघायला. तोही लाडाने लिंबाएवढा गोळा प्रत्येकाला द्यायचा.

त्या वर्षीही नेलं. नेऊ नये असं एकदा मनात आलं होतं. पण सगळ्यांना नेऊन तिला एकटीला कुठे ठेवू? ती तिथे गोळ्याशी खेळली नाही. भिंतीला ओळीने टेकवून ठेवलेले पाट बघत राहिली. मग तिने म्हाताऱ्याला विचारलं, "पाट हाडून दिलो काय गणपती येता?"

म्हातारा सोंड घडवण्यात गुंतलेला. मान वर न करता म्हणाला, "मगे? पाट दिले बगर खंयचो येता?"

साधं उत्तर होतं, पाट दिल्याशिवाय कुठला येतो? मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

चारेक दिवसांनी, पोरं शेंगा सोलत बसली असताना म्हातारा दारात आला. हात कोपरापर्यंत मातीने भरलेले, काखेत एक पाट. "बाई, हो पाट कोणाचो? बुडाक नांव ना. आमचे सगळे पाट मेजले, हो एक चड जाता."

मोजून एक पाट जास्तीचा भरत होता. मी बघितलं. तो गणपतीचा पाट नव्हताच. जेवायला बसायचा पाट होता, फणसाच्या लाकडाचा. मधोमध बसून बसून गुळगुळीत झालेला, एका कोपऱ्याचा टवका उडालेला. मी पोरांना विचारलं, "कोणाच्या घरचा रे हा?"

ती उठून उभी राहिली. तिला रागच आला होता, दिलेलं काम न करता माणूस परत आला म्हणून. "माझ्या बाबाचो. परत कित्याक हाडलंस?"

मागाहून कळलं, शेजारणीने त्याच सकाळी तिला पाट ओढत आणताना बघितलं होतं. पण मी पोरांना रोज काहीतरी घरून आणायला सांगायचीच. आज करवंटी, उद्या पान. शेजारणीला वाटलं, बाईंनी आज पाट मागवला असेल. माझी सवय तिला ठाऊक होती. मुलीने बालवाडीत पाऊल टाकायच्या आधी तो शाळेतल्या ओळीत नेऊन लावला होता.

म्हाताऱ्याला अजून उलगडा झाला नव्हता. तो खाली वाकून म्हणाला, "बाये, तुमचो गणपती गांवांत न्हय? हांगा कित्याक?"

"गणपती नको," ती म्हणाली. "ह्या पाटार माझो बाबा कर. मिशी कर. हातात घड्याळ कर." जरा थांबून तिने आठवलं आणि म्हणाली, "उंदीर नको."

कोणी हसलं नाही. पोरंही नाहीत. म्हातारा तिथेच उंबऱ्यावर बसला. त्याने कितीतरी वर्षं घरोघरचे देव घडवले होते. असलं गिऱ्हाईक त्याच्याकडे आलं नव्हतं. मातीचे हात मांडीला पुसत तो मला म्हणाला, "देवा म्हाराजा! बाई, हें म्हज्यान सांगूंक जावचें ना. तुमी कितें तें करा." सांगायचं माझ्यावर टाकून, पाट भिंतीला टेकवून तो निघून गेला. दोन दिवस त्याने कामाला हात लावला नाही, असं त्याच्या सुनेने मला मागाहून सांगितलं.

मी पोरांना मदतनीस बाईंच्या हवाली केलं. पाट काखेत मारला, मुलीचा हात धरला आणि चालायला लागले. काजूचा कारखाना रस्त्याच्या पलीकडच्या उतारावर होता. वाटेत ती मला सारखी विचारत होती, आता आईला सांगून म्हाताऱ्याला ओरडायचंय का. मी हूं हूं करत होते. बोलले असते तर रस्त्यातच रडले असते.

दुपारची सुट्टी झाली नव्हती. फाटकावरच्या माणसाला दम भरून मी तिच्या आईला बाहेर बोलावलं. ती तशीच कामावरून उठून आली, बोटं काळी कुळकुळीत. भाजलेल्या काजूच्या सालाचं तेल असतं ते, कातडीला लागलं की भाजतं. तिने पाट बघितला आणि म्हणाली, "गे बाये! हो मी सकाळपासून मनात धरलंय, कोणी चोरून नेल्यान म्हणान." मग तिने मुलीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"आये," मुलगी म्हणाली, "तो आजो बाबाक करणा नाय."

मी म्हटलं, "ह्यो पाट तिना गणपतीच्या शाळेत नेऊन ठेवलेलो. मी तिका काय एक सांगूक नाय, तुझी आण होती. पण आता एक तर तू सांग, नायतर हंयच उभ्यान मी सांगतंय."

फाटकाजवळ आंब्याचं झाड होतं. ती त्याच्या मुळावर बसली. मुलगी तिच्या पुढ्यात उभी. मला वाटलं ती देवाघरी वगैरे म्हणेल. पण तिने साधा शब्द वापरला, आणि त्याबद्दल मी तिला मनात हात जोडले.

"बाबा गणपतीवांगडा जाऊक नाय," ती म्हणाली. "आजयेन तुका खोटा सांगल्यान. बाबाची गाडी पडली. बाबा मेलो. मेलेलो मनीस परत येणा नाय."

"चवथीक?"

"नाय."

"मगे दुसऱ्या चवथीक?"

"नाय गो."

मुलीने एका हाताची बोटं उघडली. दोन चवथींना दोन बोटं दुमडली आणि तिसरं धरलं. तीन चवथी झाल्यावर? नाय. चार? नाय. ती भांडत नव्हती. निवडताना एकेक बी उचलून बघायची, तशी ती एकेक वर्ष बघत होती, कुठल्यात तरी बाप असेल म्हणून. आईही चुकवत नव्हती. प्रत्येकाला तिने उत्तर दिलं. दोन्ही हात संपले. तिला आकडे दहापर्यंतच येत होते. तिने दुमडलेल्या मुठींकडे बघितलं आणि मग मान वर करून मला विचारलं, "बाई, धा झाल्यार काय येता?"

मी मास्तरीण. मुलाने विचारलं की सांगायचं, एवढंच मला ठाऊक. मी म्हटलं, "अकरा."

ती आईकडे वळली. "अकरा चवथी झाल्यार?"

"नाय."

पुन्हा माझ्याकडे. बारा. पुन्हा आईकडे. असं करत मी तिला सतरापर्यंत नेलं. अठरावा आकडा तिने मागितला नाही. तिचे ओठ आधी वाकडे झाले, आवाज कितीतरी वेळाने फुटला, आणि ती आईच्या मांडीवर कोसळली.

आईने दोन्ही हात वर उचलून धरले. पोर मांडीवर हमसून रडतंय आणि ती हात हवेत धरून बसलेली. डोळ्यांतून धारा लागलेल्या, पण हात खाली आणीना. मला म्हणाली, "बाई, माझ्या हाताक त्याल आसा. तिका भाजतला. तुमी धरा तिका."

मी तिला धरलं नाही. मला तिथे काय काम? फाटकाशी बायकांना हात पुसायला करवंटीत राख ठेवलेली असते. ती मी आणली, आईचे हात माझ्या हातांत घेतले आणि एकेक बोट राखेने चोळलं. पदराने पुसलं, परत चोळलं, परत पुसलं. मग तिचे दोन्ही हात उचलून पोरीच्या पाठीवर ठेवले. पुढे कितीतरी दिवस माझ्या तळहातांची सालं निघत होती.